कुंडीतली पिलं जातात कुठे

धुळे, ६ फेब्रुवारी २०२४

दीपमाला बेटी,

तुला आणि ललितला नूर चाचाची दुआ. पत्र पाहून हसशील, की शेजार सुटून चारच महिने झाले आणि चाचा पोस्टमन शोधायला लागले. पण फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरतो. त्यातून या घरात दोन भांडणं होऊन गेली आहेत. पंचेचाळीस वर्षं पिंप्राळ्यात लोकांचे सदरे शिवले, कधी माप चुकलं नाही, आणि आता साधं बोलणं मापात बसत नाही. म्हणून हे पत्र.

पोराकडे, शेहजादच्या घरी, माझं ठीक चाललं आहे. वरची खोली दिली आहे. खालच्या गॅरेजचा आवाज सगळ्यांना त्रास देतो, मला नाही.

काम असं आहे. हसीनाची, तुझ्या चाचीची, ती कुंडी मी तुला दिली होती, उभ्या लांब पानांची, पानांना पिवळी कड असलेली. तिच्या बुडाशी पिलं येतात. एखादं आलं असेल तर मला हवं आहे. वीतभर असलं तरी चालेल. रमजान ईद एप्रिलच्या अकरा तारखेच्या आसपास आहे, तोवर मिळालं तर फार बरं होईल.

अख्खी कुंडी पाठवू नकोस. दिलेली वस्तू परत घेत नाही मी. फक्त पील.

नूर महंमद


पिंप्राळा, जळगाव, १८ फेब्रुवारी २०२४

नूर चाचा,

दीपमालाचा नमस्कार. तुमचं पत्र आलं तर ललित म्हणाले, कोर्टाची नोटीस आली की काय. पाकिटावरचं अक्षर बघून मग जिवात जीव आला.

चाचा, पत्र वाचल्या वाचल्या कुंडीजवळ गेले. झाड छान आहे, नऊ पानं आहेत, पिवळी कडही तशीच. पण पील एकही नाही. मला वाटलं आपल्याला दिसत नसेल, म्हणून चष्मा लावून माती बघितली. सारखी, सपाट माती. चाचींच्या हाताखाली तर दर दोन-तीन महिन्यांनी पिलं निघायची आणि त्या गल्लीभर तुपाच्या रिकाम्या डब्यांतून वाटायच्या. माझ्याकडेच काय झालं कळत नाही. चाची पाणी किती घालायच्या? काही खत?

घरी हल्ली माणूस वाढलंय. असोद्याहून आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, मोतीबिंदूसाठी आले आहेत. जानेवारीत एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. डॉक्टरांनी उन्हात जायचं नाही, जड उचलायचं नाही असं सांगितलंय. ज्या माणसाने साठ वर्षं केळीच्या बागेत काढली तो दोन खोल्यांत कसा बसेल? सकाळपासून बाल्कनीत येरझाऱ्या चालू असतात.

कुंडीच पाठवू का? ललित पुढच्या महिन्यात कामाने धुळ्याला येणार आहेत. चाचींची आठवण तुमच्याजवळच असलेली बरी.

तुमची दीपमाला


धुळे, २ मार्च २०२४

दीपमाला बेटी,

कुंडी नको, हे मी एकदा लिहिलं आहे. का नको ते विचारू नकोस.

हसीना काय करायची ते आठवून आठवून लिहितो. माझं लक्ष तेव्हा मशीनवर असायचं, त्यामुळे चूकभूल असेल. एक तर ती कुंडी कधी मोठी करायची नाही. मुळांना जागा कमी पडली की झाड घाबरून पिलं काढतं, असं म्हणायची. आपण पण भाड्याच्या एका खोलीतच तीन पोरं काढली ना, असंही म्हणायची आणि हसायची. पाणी फार कमी, बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय थेंब नाही. सकाळचं ऊन दोन तास. खत म्हणून चहाचा चोथा कधीतरी, धुऊन.

तू मोठ्या कुंडीत तर लावलं नाहीस ना? आणि पाणी? तुझा हात सढळ आहे, तुझ्या वरणात मी बघितलं आहे.

उन्हाळा लागतो आहे. या झाडाला उष्णता मानवते. आता पील यायलाच हवं. ईदला अजून चाळीस दिवस आहेत.

नूर महंमद


पिंप्राळा, २४ मार्च २०२४

नूर चाचा,

माझ्या वरणाला नावं ठेवली तरी पत्राला उत्तर देते आहे, बघा.

कुंडी तीच आहे, चाचींचीच, टवका उडालेली. पाणी बंद केलं. बाल्कनीत पूर्वेच्या कोपऱ्यात ठेवली. चोथा धुऊन घातला. आणि चाचा, पील आलं! मागच्या आठवड्यात गुरुवारी मी डोळ्यांनी बघितलं. मातीतून बोटाच्या पेराएवढं टोक, फिकट हिरवं. मी ललितना उठवून दाखवलं.

रविवारी बघते तर नाही.

वाळलं नाही, मोडून पडलं नाही, नाहीच. माती सपाट, वरून हात फिरवल्यासारखी. मला वाटलं मला भास झाला, पण ललितनीही बघितलं होतं. ते म्हणतात खार नेते. दुसऱ्या मजल्यावर खार? खालच्या धुरपदाबाई म्हणतात, उंदीर. उंदीर खाऊन माती सारखी करून जातो का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, आजकालचे उंदीर शिकलेले आहेत. मी सापळा लावला, त्यात ललितचं बोट सापडलं.

मग मी नर्सरीत गेले. तिथला हेमराज म्हणाला, पानाचा तुकडा कापून मातीत खोचा, त्याला मुळं फुटतील. मी कात्री घेऊन बसलेच होते, पण आधी त्यालाच परत फोन केला की रोप अगदी असंच येईल ना? तर म्हणतो, ताई, पानापासून केलं की पिवळी कड जाते, नुसतं हिरवं येतं. कड हवी तर पीलच पाहिजे नाही तर कंद फोडायला पाहिजे. मी कात्री ठेवून दिली. चाचींचं झाड कडेशिवाय कसं द्यायचं?

मला काही सुधरत नाही, चाचा. रोज सकाळी आधी कुंडी बघते, मग चहा टाकते.

दीपमाला


धुळे, ५ एप्रिल २०२४

दीपमाला,

पत्र मिळालं. आलेलं पील खार नेते, उंदीर नेतो, आणि माती सारखी करून जातो. मी म्हातारा झालो आहे, पण इतका नाही.

तुला द्यायचं नसेल तर तसं लिहायचं होतं. झाड तुला दिलं, ते तुझं झालं, त्याचं पीलही तुझंच. मी मागायला नको होतं. ईद सहा दिवसांवर आली आहे. आता तसदी घेऊ नकोस.

ललितला दुआ.

नूर महंमद


पिंप्राळा, २० एप्रिल २०२४

नूर चाचा,

ईद मुबारक उशिराने. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. पंधरा दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण जे जे लिहायला घ्यायचे ते भांडण व्हायचं.

चाचींना ऑगस्टमध्ये दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा अकरा दिवस मी त्यांच्या उशाशी बसले. केस विंचरले. त्यांनी मला कधी परकं मानलं नाही, आणि तुम्ही एका पिलावरून मला खोटं पाडता? मी तुम्हाला खोटं लिहिलेलं नाही. ते पील खरंच आलं आणि खरंच गेलं. या आठवड्यात आणखी एक आलं होतं, तेही गेलं. मी वेडी झाले आहे असं ललितना वाटतं आणि मलाही थोडं वाटतं.

तुम्ही कारण सांगत नाही, कुंडी घेत नाही, आणि वर रागावता. एवढं त्या पिलात आहे तरी काय?

दीपमाला


धुळे, २८ एप्रिल २०२४

दीपमाला बेटी,

मला माफ कर. तुझं पत्र तीनदा वाचलं. अकरा दिवस मी विसरलो नाही. त्या अकरा दिवसांसाठीच तर तुला कुंडी दिली होती, आणि गडबड तिथूनच झाली.

आता सांगतो. हसीना गेली तेव्हा यास्मिनची आयत वीस दिवसांची होती. बाळंतीण पोर, धुळ्याहून तिला कोणी हलू दिलं नाही. आईला शेवटचं तिने फोनच्या काचेत बघितलं. तिचा चाळिसावा दिवस झाला, मी घर रिकामं करायला घेतलं. कपडे दिले, भांडी इकडे पाठवली, कुंडी तुला दिली. दुसऱ्याच दिवशी यास्मिन लेकराला घेऊन बसने आली. सरळ अंगणात गेली. कुंडीच्या जागी ओला गोल डाग होता. बघितला आणि विचारलं, कुठे आहे? मी सांगितलं. तिने लेकराला पुन्हा खांद्यावर घेतलं. पुढच्या बसने परत गेली.

सगळ्या गल्लीला पिलं वाटली हसीनाने, पण यास्मिनने कधी नेलं नव्हतं. आईकडे आहे ना, मला कशाला, म्हणायची.

यास्मिनचं घर इथून दहा मिनिटांवर आहे, बेटी. ती येते. खाली भावजयीशी बोलते, चहा पिते आणि जाते. जिना चढत नाही. ईदला शिरखुर्मा पाठवला, जावयाच्या हाती. आयत नऊ महिन्यांची होईल आता, मी तिला वरच्या खिडकीतून बघतो.

अख्खी कुंडी तुझ्याकडून परत घेतली तर तुझ्या सेवेची बेअदबी होईल. आणि रिकाम्या हाताने पोरीच्या दारात जायचं मला धाडस नाही. म्हणून पील, आणि तेही गल्लीतल्या कोणाच्या डब्यातलं नाही, हसीनाच्या कुंडीतलंच. सतरा जूनला बकरी ईद आहे. तोवर होईल का काही?

नूर चाचा


पिंप्राळा, २१ मे २०२४

नूर चाचा,

आता तुम्ही मला माफ करा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं आहे. चोर सापडला.

तुमचं पत्र वाचून मी ठरवलं की आता पहारा द्यायचा. मे महिन्याच्या सुरुवातीला दोन पिलं आली, एक तर चांगलं चार बोटं झालं होतं. मी रोज पहाटे स्वयंपाकघराच्या जाळीतून बघत बसायचे. काल साडेपाचला आबा बाल्कनीत आले. कुंडीसमोर उकिडवे बसले. कमरेचा विळा काढला, बुडाशी बोट घातलं, दोन्ही पिलं खाली कंदापर्यंत जाऊन साफ कापली, बाहेर टाकली आणि तळव्याने माती सारखी केली. आणि हे सगळं एवढ्या मायेने!

चाचा, तुम्हाला माहीत आहे, सासऱ्यांशी मी कामापुरतंच बोलते. जेवण वाढलं, औषध झालं का, एवढंच. आमच्याकडे अजून तशीच रीत आहे. त्यामुळे चार महिने मी धुरपदाबाईंना विचारलं, हेमराजला विचारलं, उंदरासाठी सापळा लावला, पण घरातल्या घरात आबांना विचारलं नाही. काल पहिल्यांदा डोक्यावरचा पदर सावरत समोर गेले आणि विचारलं, आबा, हे काय करता?

ते म्हणाले, "पिलं कापी टाकस ना मी. पिलं राह्यनात तं मायनं बळ जास. निसवू दे, मंग एक ठेवसू."

केळीचं असंच असतं. घड बाहेर पडेपर्यंत, म्हणजे झाड निसवेपर्यंत, बुडातलं प्रत्येक पील कापत राहायचं. नाही तर आईचा रस पिलांनी ओढला आणि घड बारीक पडला. निसवल्यावर मग एक चांगलं पील पुढच्या पिकाला राखायचं. आबा चार महिने त्या झाडाला घड यायची वाट बघत होते! मी म्हटलं, आबा, हे शोभेचं झाड, याला घड येत नाही. तर त्यांनी विळा पुसून परत कमरेला खोचला. मग मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले गवत काढलं म्हणून कोणी सांगत फिरतं का.

ललितनी त्यांना तुमची सगळी पत्रं वाचून दाखवली. रुसलेल्या लेकीचं आलं तेव्हा आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दुपारी भाकरी निम्मीच खाल्ली. मी तर कोणावर रागवू तेच मला कळेना.

आता कुंडीत काहीच नाही, चाचा. नवीन पील आलं तरी बकरी ईदपर्यंत लावण्याजोगं होणार नाही. काय करावं?

दीपमाला


पिंप्राळा, १३ जून २०२४

नूर चाचा,

घाईत लिहिते आहे. हे पत्र तुम्हाला आबांच्या नंतर मिळेल.

मागच्या शनिवारी मी भाजीला गेले होते. परत येते तर बाल्कनीत पोतं पसरलेलं, कुंडी आडवी, आणि झाड मुळांसकट बाहेर. मी पिशवी तिथेच टाकली. आबांनी मुळं मोकळी केली, दोन कंदांमधली जागा बोटाने चाचपली आणि विळ्याने आईचेच दोन भाग केले. एकात पाच पानं, एकात चार. म्हणाले, पील नाही तर नाही, कंद तर आहे. मी हात जोडले, आबा, चाचींचं झाड आहे, मेलं तर? "मरत नही," एवढंच म्हणाले. दोन दिवस सावलीत काप वाळू दिले, मग लावलं. चार पानांचं त्यांनी तुपाच्या डब्यात लावलं आहे. डबा माझा, बुडाला भोकं त्यांनी पाडली.

उद्या सकाळच्या बसने ते स्वतः घेऊन निघतात. दुसरा डोळा होऊन महिना झाला आहे, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय. ललित सोबत येतो म्हणाले तर ऐकत नाहीत. मी तुमचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून खिशात दिला आहे. त्यांना चहा बिनसाखरेचा द्या, साखर मागितली तरी.

दीपमाला


धुळे, २२ जून २०२४

दीपमाला बेटी,

आबा माझ्याकडे आलेच नाहीत.

मी वर पडलो होतो. सून सांगते, दुपारी पांढऱ्या टोपीचे एक म्हातारे दारात आले, हातात डबा, डब्यात झाड. वर चला म्हटलं तर नको म्हणाले. फक्त यास्मिनचं घर कुठे ते विचारलं आणि उन्हात चालत गेले. चहाही घेतला नाही, त्यामुळे साखरेची चिंता करू नकोस.

पुढचं मला यास्मिननेच सांगितलं. त्यांनी डबा तिच्या उंबऱ्यात ठेवला, स्वतः पायरीवर बसले आणि म्हणाले, "पोरी, गुन्हा मना शे. तुना बापना नही." तुझा बाप फेब्रुवारीपासून तुझ्यासाठी पील मागतो आहे, ते दर वेळी मी कापलं, म्हणाले. यास्मिनला आधी काही समजेना, कोण हे बाबा, कसलं पील. मग पिवळी कड दिसली. आबा पाणी प्यायले, आयतच्या डोक्यावर हात ठेवला आणि परतीच्या बसला निघून गेले.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली म्हणे, मला काय ऐकू येतं. दार उघडलं तर यास्मिन, कडेवर आयत. मी उठायला लागलो आणि एकदम झाडाचंच बोललो. म्हणालो, चार पानं आहेत, नवं पील येईल, पाणी कमी घाल. ती माझ्या चांगल्या कानाजवळ आली आणि म्हणाली, "अब्बा, पूछा तो होता."

बेटी, तिला झाड नको होतं. मी विचारलं असतं तर दीपमाला भाभीलाच द्या असं तीच म्हणाली असती, असं म्हणाली. म्हणाली, मी आईचे केस विंचरू शकले नाही, भाभीने विंचरले, तिचाच हक्क आहे. पण आई गेली त्यानंतर या घरात कोणी मला काही विचारलंच नाही, कपडे दिले, घर गेलं, सगळं मला नंतर कळलं, हे बोलली आणि रडली. मीही रडलो. चार महिने मी पिलाच्या मागे लागलो, तुला दुखावलं, आबांना उन्हात चालवलं. कारण पील मागणं सोपं होतं. पोरीसमोर जाऊन चुकलो म्हणणं अवघड होतं. आयतने तेवढ्यात माझा चष्मा ओढून काढला.

आबांना माझा सलाम सांग. त्यांना म्हणावं, बाकीची पाच पानं तुमच्या ताब्यात, कापायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा, मी काही बोलणार नाही.

हे पत्र कालच पुरं करायचं होतं. लिहीत होतो तेवढ्यात सून वर आली. तिने हसीनाची तांब्याची मोठी देगची कल्हईला काढली आहे. तिच्या माहेरी शादी आहे, तर म्हणाली, अब्बा, एवढी मोठी देगची आपल्याला कशाला लागते, देऊन टाकू का तिकडे कायमची? मी हो म्हणणार होतो, तोंडही उघडलं होतं. मग पेन खाली ठेवलं, चपला घातल्या आणि यास्मिनला विचारायला निघालो.

नूर महंमद